गाडी चालू होईल त्या दिवशी

२ मार्च, सोमवार

धाकटी आली. येणार होती अकराला, आली पावणेदोनला. बाबांचं जेवण साडेबाराचं. मी थांबले नाही. आल्या आल्या पिशवी दारातच टाकून तिनं बाबांच्या खुर्चीपुढे जमिनीवर फतकल मारली. साठीला टेकलेली बाई! बाबा हसले. पक्षाघातानंतर त्यांचं हसू फक्त डाव्या गालावर येतं, पण आलं.

मी सकाळी सहापासून त्यांच्याजवळ होते. माझ्या वाट्याला काही ते आलं नव्हतं. नोंद म्हणून लिहिते, तक्रार म्हणून नाही.

संध्याकाळी म्हणाली, "ताई, बाबांना महिनाभर माझ्याकडे नेते. सहा वर्षं तू एकटीनं केलंस. आता जरा मोकळी हो."

मोकळी हो म्हणे. मी ताटं पुसत होते. म्हटलं, "शेडमधली गाडी चालू होईल त्या दिवशी ने."

म्हणजे बाबांची साइडकारवाली मोटरसायकल. टेलिफोनच्या तारा तपासायची नोकरी होती त्यांची. साइडकारमध्ये तारांची वेटोळी, हत्यारांची पेटी आणि फोल्डिंगची शिडी असायची. निवृत्तीच्या दिवशी फाटकाशेजारच्या शेडमध्ये लावली, त्याला तीस वर्षं झाली. मी आपलं बोलण्याच्या ओघात बोलले. धाकटी ताडकन उठली.

"शब्द?"

बाबा ऐकत होते. मी म्हटलं, "शब्द." मी दिलेला शब्द मागे घेत नाही हे दोघांनाही माहीत आहे.

३ मार्च, मंगळवार

शेडचं कुलूप गंजलेलं. धाकटीनं हातोडीनं तोडलं; किल्ली माझ्याकडे होती, मागितली असती तर दिली असती. आत उंदरांनी सीटमध्ये घर केलेलं, तिन्ही टायर बसलेले, टाकीवर पापुद्रे. मला वाटलं, बघून गप बसेल. ती गाडीला "अगं माझी बाई" म्हणाली आणि पुसायला लागली. पुसायला माझा हात पुसायचा टॉवेल घेतला.

बाबांची चाकांची खुर्ची तिनं शेडच्या दारापर्यंत नेली. दुपारभर ते डाव्या हातानं दाखवत होते आणि ती "हे? का हे?" करत होती. दोघांचं कसं छान चाललं होतं.

शाळेत असताना ती रोज त्या साइडकारमध्ये तारांच्या वेटोळ्यावर बसून बाबांबरोबर हिंडायची. पंधराव्या वर्षी मैदानात गाडी चालवायला शिकली. मी विचारलं की बाबा म्हणायचे, "मोठी, तुझा अभ्यास आहे ना?" अभ्यास असायचाच. त्या साइडकारमध्ये मी आजतागायत बसलेली नाही. बसू नकोस असं कुणी म्हटलं नाही. बस असंही नाही.

६ मार्च, शुक्रवार

धाकटी एक मिस्त्री घेऊन आली. सत्तरी उलटलेले, एका कानानं ऐकू येत नाही, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली. किकवर पाय ठेवून उभे राहिले तरी किक हलेना.

"पिस्टन धरलाय," म्हणाले.

"मग संपलं," मी म्हटलं.

"काय संपलं? बाई, मला तीस वर्षं कोपऱ्यात उभं केलं असतं तर मीही धरलो असतो." त्यांनी प्लग काढला आणि त्या भोकातून वाटीभर डिझेल आत ओतलं. "आठ दिवस मुरू द्या. सुटला तर आपला."

"आणि नाही सुटला तर?"

"तर हिच्या मावशीचा!" बाबांकडे बघून त्यांनी डोळा मारला. बाबा पुन्हा हसले. आठवड्यातलं पाचवं हसू. यातलं एकही माझ्यासाठी नाही.

पिस्टन सुटू नये असं मला वाटतं. वाटतं ते लिहायचं नसेल तर वही कशाला ठेवायची?

११ मार्च, बुधवार

धाकटीला हौस आली, बाबांना अंघोळ मी घालते म्हणाली. पाच मिनिटांत आतून हाका. बाबांनी तिचा हात ढकलून दिला होता आणि ती नखशिखांत भिजली होती. मी गेले. उचलताना त्यांचं कपाळ माझ्या खांद्यावर घ्यावं लागतं, मग तोल राहतो. साधं तंत्र आहे. ती दारात उभी राहून बघत होती. "असं कपाळ माझ्या खांद्यावर नाही टेकलं त्यांनी," म्हणाली. मी म्हटलं, "तुझी उंची कमी पडते."

गोळ्याही तिच्या हातून घेत नाहीत. ओठ घट्ट मिटून बसतात, मी आले की उघडतात. हट्टीपणा. वय झालं की येतो.

बाजारातून यायला मला वीस मिनिटं उशीर झाला, तर धाकटी म्हणते बाबा सारखे फाटकाकडे बघत होते. शेडकडे बघत असणार. दोन्ही एकाच दिशेला आहेत.

१७ मार्च, मंगळवार

पिस्टन सुटला. मिस्त्रींनी किक दाबली आणि ती खाली गेली, एवढंच. पण धाकटी आणि मिस्त्री असे ओरडले की शेजारीण कुंपणावरून डोकावली. बाबा खुर्चीच्या हातावर थाप मारत होते.

आज त्यांच्या रक्तातलं साखरेचं प्रमाण सहा महिन्यांत प्रथमच मर्यादेत आलं. मी वहीत लिहिलं. थाप कुणी मारली नाही.

१८ मार्च, बुधवार

आज माझ्याच हातून घोडचूक झाली.

कार्बोरेटरमधून पेट्रोल वाहत होतं. आत पितळेचा पोकळ गोळा असतो. तो तरंगला की पेट्रोल थांबतं. मिस्त्रींनी तो कानाशी हलवला. "आत पेट्रोल शिरलंय. बुडतोय. पण भोक कुठंय ते दिसंना." तासभर दोघं भिंग लावून बसले होते. चौतीस वर्षं मी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काढली, शेवटची अकरा तिची प्रमुख म्हणून. मला ते बघवेना. पातेलंभर कढत पाणी आणलं, चहाच्या गाळण्यात गोळा ठेवला आणि पाण्याखाली दाबला. आतल्या पेट्रोलची वाफ झाली आणि सांध्याजवळून बारीक बुडबुड्यांची माळ वर आली.

"इथं," मी म्हटलं.

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले. "बाई, इतकी वर्षं कुठं होतात?"

"पाणी तपासत."

बाबा स्पष्ट म्हणाले, "मोठी." पक्षाघातानंतर त्यांच्याकडे मोजून सहा-सात शब्द उरलेत, त्यातला एक खर्च केला.

धाकटी म्हणाली, "बघ, तुला शाबासकी दिली."

मी म्हटलं, "त्यांना बाथरूमला जायचं असेल." विचारलं. "नाही," म्हणाले. मग कशाला हाक मारली कोण जाणे.

तासभर मी खुशीत होते. भांडी घासताना डोक्यात प्रकाश पडला: गाडी चालू झाली की बाबा जाणार, आणि मी माझ्या हातानं ती चालू करत्येय.

२३ मार्च, सोमवार

टाकीत मूठभर नट-बोल्ट आणि रॉकेल घालून धाकटी आणि मिस्त्री आळीपाळीनं ती खुळखुळवत होते. लालभडक गंज बाहेर आला. दोन दिवस घरात तोच आवाज.

टाकीचं झाकण मिस्त्रींनी मला मुद्दाम दाखवलं. त्या गोळ्यानंतर ते मला आपल्यातली समजतात. झाकणाला सुईच्या टोकाएवढं भोक आहे. "टाकीला श्वास लागतो, बाई. पेट्रोल खाली जातं तसा वरून वारा आत यावा लागतो. हे बुजलं तर गाडी चालू होणार, दहा मिनिटं झकास पळणार आणि मग मरणार. भलेभले मिस्त्री कार्बोरेटर खोलून बसतात. झाकणाकडं कुणी बघत नाही."

"असं होय," मी म्हटलं.

२६ मार्च, गुरुवार

चालू झाली. सतराव्या किकला. आधी एक मोठा फटका, पांढरा धूर, मग तो आवाज. मी स्वयंपाकघरात होते. पन्नास वर्षांपूर्वी हा आवाज कोपऱ्यावर आला की मी वही मिटून गॅलरीत जायची. आज सांडशी हातात घेऊन तशीच उभी राहिले.

धाकटीनं गल्लीत एक फेरी मारली, दोन मिनिटांची. डोळ्यांत पाणी, नाकावर काजळी. बाबांपुढे गाडी थांबवून म्हणाली, "बाबा, शनिवारी मी एकटी मोठी चक्कर मारून बघते. नीट चालली तर रविवारी भाड्याची मोटार बोलावून माझ्याकडे जायचं. येणार ना?"

बाबा म्हणाले, "हो."

एका क्षणाचाही विचार नाही. सहा वर्षांत त्यांनी मला एकदा विचारलं असतं, तुला चालेल का, तर काय झालं असतं? शब्द नसले तरी मान आहे.

त्यांचे सहा सदरे इस्त्री केले. दोन जरा जळले.

२७ मार्च, शुक्रवार

दुपारी धाकटी आडवी झाली होती. बाबा झोपले होते. मी शेडमध्ये गेले आणि झाकणाचं भोक आतून बुजवलं. मेण वापरलं नाही. मेण पेट्रोलमध्ये विरघळतं. साबण विरघळत नाही. अंघोळीच्या हिरव्या साबणाचा तुकडा ओला करून मळला आणि भरला. रसायनशास्त्राची पदवी अशी कामाला आली.

उद्या ती एकटी जाईल, दहा मिनिटांनी गाडी बंद पडेल, ढकलत आणेल. मिस्त्री आठवडाभर कार्बोरेटर खोलत बसतील. धाकटीचा धीर पहिल्यापासून कमी. कंटाळून जाईल.

हात तीनदा धुतले.

२८ मार्च, शनिवार

मी सव्वादहाला बाबांच्या गोळ्या आणायला गेले. अकराला आले. खुर्ची रिकामी. शेड रिकामी.

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "अहो, काय दिसत होते बाबा! साइडकारमध्ये उशा लावून, डोक्याला मफलर. आम्ही दोघींनी मिळून बसवलं. धाकटी म्हणाली, ताई यायच्या आत चक्कर मारून आणते."

त्या दहा मिनिटांत गाडी पुलावर पोचली असणार. मी पायात चपला आहेत की नाही हे न बघता पळाले. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी रस्त्यानं पळाले. रिक्षा दिसली ती थांबवली आणि पूल म्हटलं.

पुलाच्या मधोमध गाडी उभी. दोन्ही बाजूंनी ट्रक. झाड नाही, आडोसा नाही. धाकटी किक मारत होती, मारत होती, आणि मधे मधे थांबून आपल्या पदरानं बाबांवर सावली धरत होती. बाबांचा चेहरा राखेसारखा. ओठ कोरडे. मी नाडी बघितली, एकशे बत्तीस.

"ताई, बंदच पडली गं. काय झालं कळत नाही. चाळीस मिनिटं झाली, कुणी थांबेना. फोन घरीच राहिला."

मला काय झालं ते कळत होतं. मी म्हटलं, "बाजूला हो."

रिक्षावाल्यानं आणि मी मिळून बाबांना उचललं. कपाळ माझ्या खांद्यावर आलं, तापलेल्या तव्यासारखं.

२९ मार्च, रविवार

डॉक्टर म्हणाले, शरीरातलं पाणी कमी झालं, आणखी अर्धा तास गेला असता तर सांगता आलं नसतं. सलाइन लावून घरीच ठेवलंय. आता नाडी अठ्ठ्याऐंशी.

धाकटी रात्रभर त्यांच्या पायाशी बसून होती. सकाळी म्हणाली, "ताई, तू कधी बोलली नाहीस, पण तुझ्या मनात होतं ते खरं. मला नाही जमत त्यांना सांभाळायला. मी गुरुवारी जाते. एकटीच."

मला जे हवं होतं ते सगळं मिळालं.

"पुलावर ते सारखे 'मोठी, मोठी' करत होते," म्हणाली. घाबरलं की माणूस सवयीचं नाव घेतं.

तिच्यासाठी चहा केला. तिनं प्यायला नाही. मीही नाही.

३१ मार्च, मंगळवार

बाबांना उठून बसवलं. शेडकडे बोट दाखवून बसले, ऐकेनात, म्हणून खुर्ची तिकडे नेली. पुलावरून ढकलत आणलेल्या गाडीचा कार्बोरेटर खोलून मिस्त्री हैराण झाले होते. "सगळं साफ आहे हो. भूत बसलंय का काय?"

बाबांनी डावा हात टाकीकडे केला. धाकटीनं प्लग दाखवला, नाही. नळी, नाही. झाकण, "हो." तिनं ते काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाबांनी ते उलटं केलं, अंगठ्याचं नख भोकात घातलं आणि उकरलं. नखावर आलेलं नाकाशी नेलं.

त्यांना रोज मी त्याच साबणानं अंघोळ घालते.

नख त्यांनी लेंग्याला पुसलं, नीट, दोनदा. झाकण मिस्त्रींच्या हातात दिलं. मिस्त्रींनी फुंकर मारली, "मोकळंय की!" झाकण लावलं, तिसऱ्या किकला गाडी चालू. अर्धा तास चालली. "भोकात कचरा असणार. आणि मी, मूर्ख, बाईंना आठवड्यापूर्वी हेच शिकवत होतो!" असं म्हणून मिस्त्री कपाळावर हात मारून हसले.

बाबा माझ्याकडे बघत होते. राग असता तर मला ओळखता आला असता. त्यांनी खुर्चीचा हात थोपटला, जवळ ये म्हटल्यासारखा. दूध उतू जाईल म्हणून मी आत गेले. दूध गॅसवर नव्हतं.

१ एप्रिल, बुधवार

धाकटी बॅग भरत होती. मी दार लावून घेतलं.

"झाकणात साबण मी घातला होता."

ती घडी घालत होती ती साडी तशीच हातात. "काय?"

"शुक्रवारी दुपारी. तू झोपली होतीस."

"ताई, तू?"

"मी. तू एकटी जाशील असं वाटलं होतं."

"का पण?"

"तू त्यांना नेणार होतीस."

ती पलंगावर बसली. मग उठली. "नको म्हणायचंस! एक शब्द! मी काय पळवून नेत होते?"

"शब्द दिला होता."

"चुलीत घाल तो शब्द! पुलावर मला वाटलं बाबा माझ्या हातून गेले. चार रात्री मी झोपलेली नाही. आणि तू मला चहा आणून देत होतीस?"

मी तिच्या हातातली साडी घेतली आणि घडी घालायला लागले.

माझ्याकडे न बघता म्हणाली, "जन्मभर तुला वाटत आलंय ना, की मी लाडकी? बाबा मला साइडकारमधून का न्यायचे माहितेय? घरात ठेवलं की मी तुझ्या वह्या फाडायची. बाबा आईला म्हणायचे, हिला मी नेतो, मोठीला शांतपणे वाचू दे. भर उन्हात खांबाखाली बसून बसून कंटाळायची मी. आणि घरी आलो की बाबांचा पहिला प्रश्न, मोठीचं किती झालं?"

"हे मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलंस कधी?"

रात्री जेवली नाही. उद्या जायचं रहित केलं. "नेणार मी त्यांना," म्हणाली. "आता तर नेणारच."

५ एप्रिल, रविवार

डॉक्टरांनी परवानगी दिली. मी आक्षेप घेतला नाही. तो हक्क माझा मीच घालवला. बाबांना पुन्हा विचारलं. "हो," म्हणाले. चार पानं सूचना लिहून दिल्या; पहिल्याच ओळीत त्यांचं वजन, सत्तेचाळीस किलो चारशे ग्रॅम. धाकटीनं वाचल्या आणि म्हणाली, "पाचवं पान राहिलं का?" चार दिवसांतलं तिचं माझ्याशी पहिलं वाकडं बोलणं. बरं वाटलं.

भाड्याच्या मोटारीत बसवल्यावर बाबांनी माझं मनगट धरलं ते सोडेनात. एकेक बोट सोडवावं लागलं. बोटं आखडतात त्यांची अलीकडे.

अडतीस किलोमीटर आहे. दीड तासानं फोन आला, पोचलो.

९ एप्रिल, गुरुवार

सकाळी सहाला उठले. करायला काही नव्हतं. सातला पुन्हा सहाच वाजल्यासारखं वाटलं.

धाकटीचा फोन. कालपासून गोळ्या तिच्या हातून घेतात. अंगणात खार आली तिला हसले. मी "छान" म्हटलं आणि फोन ठेवला. छान काही वाटलं नाही. खार!

दुपारी मिस्त्री हत्यारं न्यायला आले. मी म्हटलं, "मला ही गाडी चालवायला शिकवा."

त्यांनी चांगला कान पुढे केला. "काय म्हणालात?"

"ऐकलंत तुम्ही."

"बाई, या वयात? साइडकार म्हणजे साधं काम नाही."

"वय मला माहीत आहे. किती दिवस लागतील ते सांगा."

१६ एप्रिल, गुरुवार

शिकाऊ परवान्याची लेखी परीक्षा दिली. पंधरापैकी पंधरा. माझ्या शेजारच्या कॉलेजातल्या मुलाला अकरा. पहिल्या दिवशी मी फाटकाला धडकले, दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या कुंपणाला. शेजारीण म्हणाली, "बाबांची मुलगी शोभता हो." हे वाक्य मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. कुंपण मी उद्या दुरुस्त करून देणार आहे.

२१ एप्रिल, मंगळवार

किक मला आता दुसऱ्या खेपेला जमते. पण वळणावर साइडकारचं चाक उचलतं. रिकामी आहे म्हणून. मिस्त्री म्हणाले, "बाजूला माणूस बसतो तेव्हा ती जमिनीला धरून राहते. वजन ठेवा तिच्यात. अंदाजे अर्धं पोतं वाळू."

अंदाजे कशाला? घरचा काटा बाहेर काढला आणि मोजून सत्तेचाळीस किलो चारशे ग्रॅम वाळू भरली. उशा लावल्या, पोतं पट्ट्यानं बांधलं. मैदानाला बारा फेऱ्या मारल्या. खड्डा आला की गाडी हळू केली. ऊन वाढल्यावर पोत्यावर टॉवेल टाकला. मिस्त्री हसत होते. मी लक्ष दिलं नाही.

पक्का परवाना मिळायला अजून पंचवीस दिवस. महिना पाच मेला भरतो, वर अकरा दिवस राहू देत तिकडे. पहाटे पाचला निघाले तर ऊन चढायच्या आत पोचेन आणि दुसऱ्या पहाटे बाबांना घेऊन परत निघेन. धाकटीला यायचं असेल तर मागची सीट आहे. बसेल की नाही कोण जाणे. तिला पुढं बसायची सवय.